आत्याच्या मोरीमागचं घायपात

आमच्या खोल्यांच्या रांगेत अशी बोलवा होती की माझ्या आत्याच्या घरी तिचा मेलेला नवरा येऊन बोलतो. दिवेलागणीला येतो. खाकरतो, "अगं" म्हणतो, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतो. शेजारच्या शिवणवालीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि शिवणवालीने एकदा ऐकलं म्हणजे नळावर, दुकानात, कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांनी ऐकलंच म्हणून समजा. "मी कशाला बोलू," असं म्हणून ती बोलायला सुरुवात करते. "मी कशाला बोलू, पण माणसाला नीट मरूसुद्धा दिलं नाही हो बाईने. घसा कापायला लावला. मग येणारच की तो. जाब विचारायला येणारच."

यातला दुसरा भाग खरा आहे. घसा कापायला आत्यानेच लावला होता. पहिला भाग चूक. तो आवाज माझा होता.

आमच्याकडे खोल्यांमधल्या भिंती छतापर्यंत पोचत नाहीत. वर हातभर मोकळी जागा आहे, वारा खेळावा म्हणून. वारा खेळत नाही, बाकी सगळं खेळतं. एका घरात कुणी शिंकलं की तिसऱ्या घरातून "तोंडावर हात धर" असं ऐकू येतं. अशा ठिकाणी कुणाचीही नक्कल न शिकता मोठं होणं कठीण. मुकादम, डॉक्टर, शिवणवाली, शिवणवालीचं मशीन, हे सगळे मला येतात. पण आतोबा जितके येतात तितकं कुणी येत नाही. आतोबा म्हणजे आत्याचा नवरा.

आत्या दोराच्या कारखान्यात कामाला आहे. कारखान्यामागे घायपाताचं रान आहे. नजर जाईल तिथवर ओळी, करडी-हिरवी जाड पानं. पानांना कडेने दाते नाहीत, पण टोकाला एकेक काळा काटा, आणि तो बरोबर डोळ्याच्या उंचीवर. पानं कापायची, काटे छाटायचे, मोळ्या बांधून यंत्रावर धाडायच्या. यंत्र गर खरवडून टाकतं आणि उरतो तो वाख, लांब, पांढरट, म्हातारीच्या केसांसारखा. तो वाळवून त्याचे दोर वळतात. पानाचा चीक अंगाला लागला तर अशी खाज सुटते की माणूस स्वतःचं नाव विसरेल. म्हणून आत्या आतोबांच्या जुन्या विजारीचे पाय कापून हातांत घालते, पार काखेपर्यंत. ते होते तेव्हाही घालायची. ते म्हणायचे, "अगं, माझे पाय तू हातांत घातलेस, आता मी चालू कशाने?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकल्यासारखं हसायचे.

पानं कापणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. आत्याचं काम वेगळं. घायपात वाढतं अगदी सावकाश. वर्षानुवर्षं ते काही म्हणजे काही करत नाही. मधोमध पानांचा एक घट्ट सुळका असतो, त्यातून सवडीने एकेक पान सुटतं. खालची कापली जातात, वर नवी येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं हे आता असंच चालायचं. मग एका वर्षी सुळक्यातून येणारी पानं आखूड निघतात, अरुंद निघतात. कुणाच्या लक्षात येत नाही. आत्याच्या येतं. ती झाडाशी वाकते, सुळका चाचपते आणि म्हणते, "याचं ठरलं."

त्यानंतर दांडा निघतो. ज्या झाडाला एक पान सोडायचा कंटाळा, त्याचा दांडा उद्या बघावं तर कालच्यापेक्षा उंच. छपराच्या वर जातो. वर फांद्या फुटतात, फांद्यांना पिवळट फुलं, आणि फुलं गळाली की त्याच जागी बारकी बारकी रोपं धरतात, पानांसकट, मुळांसकट, तयार. त्यांना आम्ही पिल्लं म्हणतो. ती खाली पडतात आणि रुजतात, आणि आई उभ्याउभ्या वाळून जाते. एकदाच फुलायचं आणि मरायचं. "लग्नासारखं," असं आतोबा म्हणायचे. आत्या म्हणायची, "फुललात कधी?"

पण कारखान्याला फुलं नकोत, वाख हवा. दांडा वाढू दिला तर तो पानांतला सगळा जीव ओढून घेतो. म्हणून दांडा दिसला रे दिसला की कापायचा. पानं मग पुढच्या कापणीपर्यंत जाड राहतात. झाड काही वाचत नाही, पण लगेच मरतही नाही. हे काम आत्याचं, आणि म्हणून तिचं नाव दांडेकापी.

आतोबा यंत्रावर होते. त्यांचा आवाज मुळातच घोगरा. तो आणखी घोगरा झाला तेव्हा आम्ही सगळे हसलो. मी तर नव्या घोगरेपणाचा सराव केला. मग एकदा मोरीत थुंकले तेव्हा लाल निघालं, आणि हसणं बंद झालं.

डॉक्टर प्रत्येक वाक्याला "बघा हं, बघा" म्हणायचे. "बघा हं, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर काही महिने मिळतील. नाही काढलं तर, बघा." आतोबा बघत राहिले. घरी येऊन हो म्हणेनात, नाही म्हणेनात. खाटेवर बसून भिंतीवरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघायचे.

आत्या माझ्या आईपाशी म्हणाली, "दांडा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, हे मला का कुणी शिकवायला हवं? पण दिसल्यावर काय करू, वहिनी? बघत बसू?"

शेवटी तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन हातात दिलं. मी तिथेच कांदे निवडत होते. आतोबा म्हणाले, "तुला करायचं ते तू करतेसच. मला कशाला विचारतेस?" आणि सही केली. त्यानंतर दवाखान्यात जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत, आणि दवाखान्यातून आले ते बोलण्यासारखे राहिलेच नव्हते. गळ्याला भोक, त्यावर फडकं, आणि श्वास घेतला की जुन्या पंपासारखा आवाज.

आत्याने पाटी आणून दिली. ते पाटीवर "पाणी" लिहायचे. "औषध" लिहायचे. "दार" लिहायचे. आत्या पाटी हातात घेऊन उभी राहायची, आणखी काही येतंय का म्हणून. काही यायचं नाही. मग ती पाटी पुसायची. हाक मारायची झाली की ते स्टीलचा पेला भिंतीवर वाजवायचे. शिवणवाली म्हणायची, "मी कशाला बोलू, पण भांड्यांचं दुकान झालंय हो."

आत्याच्या मोरीमागे घायपाताचं एक मोठं झाड आहे. खोली मिळाली त्या वर्षी आतोबांनीच लावलेलं, कुंपण म्हणून. घसा कापल्यावर ते बादली पालथी घालून दिवसभर त्या झाडाकडे तोंड करून बसायचे. घराकडे पाठ. रानात पडलेली पिल्लं कुणी आणून दिली तर तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरून लावायचे. एक डबा, मग दुसरा, मग भिंतीच्या कडेने अख्खी रांग. आत्या चहा घेऊन गेली तर पेला घ्यायचे, पण मान वळवायचे नाहीत. पुढे खंगत गेले, हातांतून डबा सुटायला लागला, वास यायला लागला. आत्या रोज गळ्याचं भोक पुसायची आणि रोज मोरीत जाऊन नळ सोडून बसायची, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये. पण भिंती छताला टेकत नाहीत.

एका दुपारी पेला वाजलाच नाही.

आत्या कामावर परतली ती पानं कापायला लागली. दांड्यांना हात लावेना. मुकादमाने आधी दुर्लक्ष केलं, बाईचं दुःख ताजं आहे म्हणून. इकडे रानात दांडे निघाले, वर गेले, पानं चामड्यासारखी झाली, आणि यंत्रावर वाखाऐवजी कचरा निघायला लागला. दुसऱ्या बायकांना कापायला लावलं तर त्यांनी दांडा कापण्याऐवजी स्वतःची बोटं कापली.

त्या दिवसांत मी संध्याकाळी आत्याकडे जायचे. ती जेवत नव्हती, म्हणून आईने मला सोबतीला धाडलं होतं. एकदा मी मुकादम काढून दाखवला. "काय समजलं? दांडा म्हणजे दांडा. काय समजलं?" आत्या पहिल्यांदा हसली. म्हणून मी पुढे डॉक्टर काढला, आणि डॉक्टरवरून घसरून तोंडातून निघालं, "अगं, साखर संपली का घरातली?"

आत्याच्या हातातला चहा तसाच राहिला. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं. तिने उठून माझ्या चहात साखर घातली.

तेव्हापासून रोज. साखर, विजारीचे पाय, मुकादमाला दिलेल्या शिव्या, एवढंच. ती आणखी काही मागायची नाही, आणि मीही काही नवं घालायचे नाही. ती भाकरीचा तुकडा मोडायची, मी "अगं" म्हणायचे, ती तुकडा तोंडात घालायची. भिंतीपलीकडे शिवणवालीचं मशीन थांबायचं. त्यावरून ती बोलवा उठली. आत्याला ती कळली तेव्हा म्हणाली, "म्हणू देत. भूत तरी म्हणतात, एकटी तर म्हणत नाहीत."

मग मोरीमागच्या झाडालाच दांडा निघाला. निघाला आणि सरळ डोक्याच्या वर गेला. आत्याने कुणाला सांगितलं नाही, पण दांडा काही लपून राहण्यातला नव्हे. मुकादम आला, झाडाभोवती फिरला. पानं रानातल्या पानांच्या दुप्पट जाड.

"जमीन कारखान्याची, झाड कारखान्याचं. काय समजलं?" तो म्हणाला. "या झाडापासून सुरुवात करायची. सोमवारी सकाळी. ही खोली दांडेकापीची आहे, बाई. दांडे कापत नसेल तिची नाही. काय समजलं?"

आत्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. आमच्या खोलीत आम्हीच एकमेकांच्या अंगावर झोपतो. आणि आतोबा जिथे बसले, जिथे खंगले, जिथे मेले, ती जागा सोडून ती जाणार कुठे? पण ती राखायची तर आतोबांचं झाड कापायचं.

रविवारी संध्याकाळी तिने मला बोलावलं. हातांत विजारीचे पाय आधीच घातले होते. पायाशी कोयता.

"ए पोपट. त्यांच्या आवाजात सांग."

"काय सांगू?"

"काप म्हणून."

मी घसा साफ केला. "अगं, काप."

"छे. ते असं म्हणायचेच नाहीत."

"अगं, काप की. खोली जाईल हातची."

"त्यांना खोलीचं काय पडलं होतं!" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय म्हणाले असते ते तुला ठाऊक आहे. तू तिथे कांदे निवडत होतीस."

"आत्या, ते नको."

"म्हण."

मी म्हटलं. "तुला करायचं ते तू करतेसच. मला कशाला विचारतेस?" ते वाक्य मला श्वासासकट येत होतं. "करतेसच" नंतर एक आवंढा, आणि शेवटचा "विचारतेस" फाटका. शिवणवालीचं मशीन थांबलं. आत्या कोयत्याकडे बघत राहिली.

"आता जरा हसून म्हण," ती म्हणाली.

"कसं हसून?"

"विजारीचं म्हणायचे तसं."

मी तसं म्हटलं. तेच शब्द, पण खोकल्यासारख्या हसण्यातून. आणि वाईट गोष्ट अशी, की तेही अगदी आतोबाच वाटले. थट्टा करणारे, बायकोवर सगळं सोपवून मोकळे झालेले आतोबा.

"हेही तेच वाटतं," आत्या म्हणाली. मग विजारीचे पाय काखेपर्यंत ओढत, "कुठलं खरं होतं गं?"

मी आठवून बघितलं. मी तिथे होते, कान माझे होते, आणि रांगेत माझ्या कानांवर सगळे पैजा लावतात. पण आता दोन्ही माझ्या घशातून निघाले होते आणि त्यामागे काही ऐकूच येईना.

"माहीत नाही, आत्या."

"हं," ती म्हणाली. "जा घरी. आई वाट बघत असेल."

सकाळी तिने दांडा कापला. एका घावात. पण बुडाशी नाही, कमरेइतक्या उंचीवर. मुकादम ओरडला, "बुडातून काप म्हटलं होतं, हा खुंट कशाला ठेवलास?"

"काट्यांत हात जात नाही," आत्या म्हणाली. दोन्ही हात काखेपर्यंत विजारीत.

"पुढच्या वेळी बुडातून. काय समजलं?"

"समजलं."

मग ती रानात गेली, आणि दुपारपर्यंत ओळीच्या ओळी आडव्या केल्या. खोली राहिली. मोरीमागच्या झाडाची जाड पानं दुसऱ्या दिवशी बायकांनी कापून नेली. मधोमध एक खुंट उरला, वरून चीक गळणारा, बुडाशी पानांची थोटकं. मला तो बघवेना. मला त्यात आतोबांचा गळा दिसायचा.

"झालं," मी म्हटलं. "आता याला ना फूल, ना पिल्लू. नुसतं वाळायचं. एकदाच फुलायचं होतं बिचाऱ्याला, तेही गेलं."

आत्या डब्यांना पाणी घालत होती. आतोबांचे डबे. इतके दिवस तिने त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. निम्मे वाळले होते.

"पिल्लं येतील," ती म्हणाली.

"फुलाशिवाय? कशी येतील?"

"पैज?"

"पैज. पिल्लं नाही आली तर तू नळावर, सगळ्यांसमोर, शिवणवालीची नक्कल करायचीस. 'मी कशाला बोलू' पासून."

"करीन. आणि आली तर तू यांचा आवाज काढायचा नाहीस. इथे नाही, शाळेत नाही, मोरीत एकटी असलीस तरी नाही."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. "का? तुला आवडतं ना?"

तिने डबा खाली ठेवला. "परवा त्यांची आठवण काढली तर तुझाच आवाज आला. त्यांचा आलाच नाही. खूप वेळ बसले, तरी तुझाच."

मी हात पुढे केला. पैज मीच जिंकणार होते. फुलाशिवाय पिल्लं कुठे येतात?

पैज चालू होती तोवर आवाजाला बंदी नव्हती. पण आत्या मागेना, आणि तिने मागितल्याशिवाय मला काढवेना. संध्याकाळी आम्ही दोघी गुपचूप जेवायचो. शिवणवालीचं मशीन न थांबता चालायचं. आता नळावर असं म्हणतात की आत्याने कुणाकडून तरी भुताचा बंदोबस्त केला. "मी कशाला बोलू, पण दुसऱ्यांदा घालवला हो बाईने नवऱ्याला." बंदोबस्त झाला, पण तो असा झाला.

एका सकाळी मी शाळेला निघाले होते. आत्याने मोरीमागून हाक मारली, "पोपट, इकडे ये." खुंट करडा पडला होता, वरचं तोंड काळं. त्याच्या अंगावर जागोजागी गाठी होत्या, प्रत्येक गाठीवर वाळका खवला चिकटलेला. आत्याने नखाने एक खवला उचलला. आत अंगठ्याच्या नखाएवढं काहीतरी हिरवं होतं. घट्ट मिटलेली तीनचार पानं, आणि पानाच्या टोकाला, डोळे बारीक करून बघितलं तरच दिसेल असा, काळा काटा. तिने दुसरा खवला उचलला. तिथेही. तिसरा उचलायला लागली तेव्हा मी म्हटलं, "पुरे."

"मोज हवं तर."

"ही फसवणूक आहे. तुला माहीत होतं. म्हणून तू उंचावर कापलास."

"दांडे मी कापते की तू?"

"म्हणजे आतोबांचंही तसंच झालं का?" मी डब्यांकडे बोट दाखवलं. "कापल्यावर जे..."

"गप्प," ती म्हणाली. "झाड झाड असतं, माणूस माणूस. ते किती हाल होऊन मेले ते मी बघितलंय, तू नाही." आणि ती तशीच खुंटाला हात टेकून उभी राहिली. "मी कापायला लावलं. त्यांनी डबे लावले. बाकी मला काही माहीत नाही, आणि तू ते त्यांच्या आवाजात सांगू नकोस."

मला वाटलं, एकदाच, अगदी शेवटचं. त्या दोन्हींतलं कुठलंही नाही, नुसतं "अगं". मी तोंड उघडलं.

तिने तळहात माझ्या तोंडावर दाबला. त्या दिवशी ती विजारीचे पाय घालायला विसरली होती आणि हाताला खुंटाचा चीक होता.

"हरलीस," ती म्हणाली.

शाळेत दिवसभर माझे ओठ खाजत होते. बाईंनी विचारलं, काय झालं, तर मी माझ्याच आवाजात सांगितलं, काही नाही.